चितारआळीतील जुनी बाकी

निपाणीहून आजऱ्यामार्गे आंबोलीस जाणारा रस्ता घाटमाथ्याजवळ आला की ऊसमळे मागे पडतात आणि दाट रान सुरू होते. घाट उतरताच हवा बदलते, माती तांबडी होते, कौलारू घरांच्या अंगणांत माड आणि सुपारी दिसू लागतात. आंबोलीपासून सुमारे तीस किलोमीटरांचा हा उतार संपतो तेथे सावंतवाडी आहे. गावाच्या मध्यभागी मोती तलाव, तलावाकाठी भोसले घराण्याचा राजवाडा, आणि बाजारपेठेत चितारआळी. या आळीत लाकडाची खेळणी होतात. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या भातुकलीचे पोळपाट, जाती, चुली आणि पाटे-वरवंटे येथून गावोगावी गेले.

एका फेब्रुवारी महिन्यात निपाणीचे एक व्यापारी कुटुंब या गावी आले. कुटुंबप्रमुख आप्पांनी सत्तरी कधीच ओलांडली आहे. बरोबर मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. पर्यटन हे निमित्त होते. खरे कारण मुलाने दुकानाचा माळा साफ करताना सापडलेल्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांत होते.

आप्पांच्या वडिलांनी थाटलेले दुकान मुळात भांड्यांचे. त्याच्या एका खणात खेळणी असत, आणि ती सारी सावंतवाडीची. वर्षातून दोनदा, दिवाळीपूर्वी आणि लग्नसराईच्या तोंडावर, चितारआळीतील एका कारागिराकडून गोणपाटात बांधलेला माल एस.टी.च्या टपावरून येई. मुलींसाठी भातुकली, मुलांसाठी भोवरे, रांगत्या बाळांसाठी पांगुळगाडे, पाळण्यावर टांगायच्या रंगीत चिमण्या, रुखवतात मांडायची लाकडी फळे. पुढे प्लॅस्टिक आले. ते स्वस्त होते, हलके होते, फुटले तरी ग्राहक तक्रार न करता नवे नेत होता, आणि दुकानदारास त्यात सुटतही अधिक होते. 1983 च्या दिवाळीपूर्वी आलेला लाकडी माल निम्माही खपला नाही. उरलेला परत धाडण्यात आला. खपलेल्या मालाचे साडेचौऱ्याऐंशी रुपये ‘पुढच्या फेरीत देऊ’ असे ठरले. पुढची फेरी झालीच नाही.

वहीत ही रक्कम ‘चितारी, सावंतवाडी’ या खाती देणे म्हणून तीन वर्षे पुढे ओढलेली दिसते. चौथ्या वर्षी ती वटाव-कसर खाती जमा केलेली आहे. अक्षर आप्पांचे आहे. मुलाने वही समोर ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, वही मिटली आणि सावंतवाडीस केव्हा निघायचे एवढेच विचारले.

चितारआळी आज पूर्वीसारखी राहिलेली नाही. काही दुकाने पर्यटकांच्या सोयीने सजली आहेत. दर्शनी भागात परडीत रचलेली लाकडी फळे: आंबा, केळी, सीताफळ, डाळिंब, फणस. लांबून पाहणाऱ्यास हात पुढे करावासा वाटावा इतकी ती खरी दिसतात. या फळांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरण्याची रीत आहे. पांगारा वजनाला हलका, पोताने मऊ आणि तासण्यास सोपा. त्याच दिवसांत आसपासच्या रानात पांगारे निष्पर्ण होऊन लाल फुलांनी पेटलेले होते, आणि नातीला आपल्या हातातील डाळिंब त्याच झाडाचे आहे हे कितीतरी वेळ खरे वाटेना. पाट, चौरंग, पाळणे अशा बळकट वस्तूंना आंबा आणि शिवणीचे लाकूड लागते.

एका कारखान्यात तिला कातकाम पाहावयास मिळाले. आता लेथ विजेवर फिरते. पूर्वी एकाने दोरी ओढून लाकूड फिरवावयाचे आणि दुसऱ्याने त्यावर हत्यार धरावयाचे, असा दोघांचा मेळ लागे. लाकडाला आकार आला की फिरत्या लाकडावरच रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर सारखी पसरते. तीवर केवड्याचे पान धरले की झळाळी येते. हा रंग पाण्याने सुटत नाही. लहानग्याने खेळणे तोंडात घातले तरी आईला धास्ती वाटू नये, अशी ही जुनी पद्धत. अर्थात आजच्या सर्वच वस्तू लाखेच्या नसतात. पुष्कळ ठिकाणी बाजारी रंगच वापरतात, आणि घेणाऱ्याने विचारले तर कारागीर ते लपवीत नाहीत.

नातीने भातुकलीचा संच हाती घेऊन किंमत विचारली. ती ऐकून तिने आजोबांकडे पाहिले. प्लॅस्टिकच्या संचाच्या चौपट किंमत होती.

“आप्पा, एवढी महाग खेळणी तुम्ही तेव्हा कशी विकत होता?”

“तेव्हा ती महाग नव्हती, बाळ. दुसरी नव्हतीच,” आप्पा म्हणाले.

कारागिराचे घर शोधण्यास वेळ लागला नाही. आप्पा वयाच्या नवव्या वर्षी, 1956 च्या सुमारास, वडिलांचे बोट धरून या घरी आले होते. ओटीवरचा लाकडी खांब आणि त्याला टेकलेली अर्धवट रंगवलेल्या घोड्यांची रांग त्यांना आठवत होती. खांब होता. दाराला कुलूप होते. शेजारच्या अंगणात सुपाऱ्या सोलीत बसलेल्या वृद्धेने मान वर केली.

“तां घर बंद आसा. झील मुंबयक रवता, गणपतीक येता.”

कारागिरास जाऊन वीसहून अधिक वर्षे झाली होती. तिने मुलाचा दूरध्वनी क्रमांक दिला. आप्पांनी तो कागदावर उतरवून घेतला, परंतु लगेच फोन केला नाही. दुपारचे ऊन चढले होते. सर्वजण राजवाड्याकडे वळले.

राजवाड्याच्या दरबारगृहात चितारी मांडी घालून बसतात आणि गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ इराणकडून आला. 1527 मध्ये बाबराने सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगलांच्या गंजिफेत आठ रंग आणि 96 पाने होती. येथील मातीत रुजल्यावर तिने दशावतारांचे रूप घेतले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, मिळून 120. निम्म्या रंगांत दहा मोठा, तर उरलेल्यांत एक्का मोठा. दिवसा खेळताना उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाची. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून, वर खडूचा लेप देऊन आणि घोटून पान तयार करीत.

छापील पत्ते आले आणि हा खेळ मोडला. स्वातंत्र्यानंतरच्या काळात सावंतवाडीत ही कला जाणणारे वृद्ध चितारी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती स्वतः शिकून घेतली, तरुण कारागिरांना शिकविली आणि राजवाड्यातच तिचे काम सुरू केले. राजमाता सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये निवर्तल्या. काम चालू आहे. एका जाणत्या हातातून दुसऱ्या हाती गेली नसती तर गंजिफा आज केवळ वस्तुसंग्रहालयांच्या कपाटांत उरली असती.

आप्पा पत्त्यांपासून जरा अंतर राखून उभे होते. त्यांच्या घरात पत्ते कधीच आले नाहीत. सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे, ही शिकवण बालपणीच झालेली. नातीने मात्र मत्स्यावताराचे पान उजेडात धरले होते.

“पैसे लावले नाहीत तर हे द्यूत का, आप्पा?”

आप्पांनी थोडा विचार केला. “नाही. मग तो हिशेब शिकविणारा खेळ,” ते म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. एकशेवीस पानांतील कोणती पडली आणि कोणती उरली हे ध्यानात ठेवणाऱ्यास रोजमेळ अवघड वाटणार नाही, एवढी भर त्यांनी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिंगुळीस गेले. सावंतवाडीहून उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, कुडाळनजीक हे गाव. येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला जपल्या आहेत. चित्रकथीत रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे पोथीसारखी क्रमाने लावलेली असतात. कलावंत एकेक चित्र समोर उभे करतो आणि टाळ-हुडुकाच्या साथीने कथा गाऊन सांगतो. अशा जुन्या चित्रांचा संग्रह पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही आहे. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे रूपांतर करून ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या घरांतील मुले ही परंपरा सोडून अन्य रोजगाराकडे वळत होती, त्याच घरांत आता खेळ शिकविले जातात.

1956 मध्ये आप्पांनी सावंतवाडीतील एका देवळाच्या आवारात असाच कळसूत्रीचा खेळ पाहिला होता. पेट्रोमॅक्सच्या उजेडात दहा तोंडांचा रावण धनुष्य पेलावयास येतो आणि त्याच्याच खाली चिरडतो, ते पाहून मुले खदखदा हसली होती. आप्पा हसले नाहीत. ते वडिलांच्या कानाशी लागून म्हणाले होते की, रावणाला तोंड एकच होते, बाकीची हारातील रत्नांत दिसत होती.

घरी आई चातुर्मासात पद्मपुराण वाची. जैन परंपरेतील रामकथा निराळी आहे. तीत रावण हा राक्षस नसून विद्याधरवंशातील पराक्रमी राजा. गळ्यातील हाराच्या नऊ रत्नांत मुखाची प्रतिबिंबे पडली म्हणून तो दशमुख. त्याचा वध होतो तो लक्ष्मणाच्या हातून. राम त्या हिंसेपासून अलिप्त राहतो. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ ही या परंपरेतील आद्य रचना, आणि ती ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे तीच मराठीची पूर्वजा मानली जाते. नऊ वर्षांच्या मुलाला यातले काही ठाऊक नव्हते. आईचा रावण आणि बाहुल्यांचा रावण यांतील खरा कोणता, एवढाच पेच त्याच्यापुढे होता. घाट चढून येताना वडिलांनी त्याचे उत्तर दिले नाही. आईने दिले. ती म्हणाली, तिकडे ते तसे सांगतात, आपण असे सांगतो. ऐकताना दोन्हीकडे शांत बसावे.

पिंगुळीच्या संग्रहालयात नात चामड्याच्या बाहुल्यांसमोर थबकली. पडद्यामागे दिवा लावला आणि एक मूठभर आकृती भिंतभर झाली. तिच्या वडिलांना मात्र दुसरेच काही आठवले. त्यांच्या बालपणीचे रामायण दूरदर्शनचे. 25 जानेवारी 1987 रोजी सुरू झालेली रामानंद सागर यांची ती मालिका रविवारी सकाळी लागे, आणि तेवढा वेळ निपाणीची पेठ सुनी होई. गल्लीत एकाच घरी दूरचित्रवाणी संच होता. त्या घरच्या मालकीणबाई सतरंजी अंथरीत आणि चपलांचा ढीग पायरीखालपर्यंत पसरे. सोमवारी शाळकरी मुले दुकानात येत. त्यांना धनुष्य हवे असे, गदा हवी असे. त्या वर्षी दुकानाने प्लॅस्टिकची धनुष्ये आणि पोकळ गदा गोणीच्या गोणी विकल्या.

“लाकडी गदा कोणी मागितली नाही?” सुनेने सहज विचारले.

“मागितली असती तर आमच्याकडे कोठे होती?” आप्पा उत्तरले.

परतीच्या वाटेवर एका गावी जत्रेची तयारी चालू होती. रात्री दशावताराचा खेळ व्हावयाचा होता. एक नट पेटाऱ्यावर आरसा टेकवून स्वतःच्या हाताने चेहरा रंगवीत होता. पुरुषच स्त्रीभूमिका करतात, म्हणून शेजारी दुसरा नऊवारी नेसत होता. या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद रंगभूमीवर उभ्या उभ्या सुचतात. आरंभी गणपती, रिद्धी-सिद्धी, शारदा, आणि मग वेद चोरणारा संकासुर. काळ्या कपड्यांतील हा संकासुर मालवणीत बोलून साऱ्या गावाची टोपी उडवितो. पहाटेपर्यंत खेळ चाले आणि दहीकाल्याने संपे. नातीला थांबावयाचे होते. खेळ उभा राहण्यास मध्यरात्र होणार होती. कुटुंब सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून निघणारे. शेवटी नटाने तिच्यासाठी मुकुट क्षणभर डोक्यावर चढवून दाखविला. लाकूड, बेगड आणि काचेचे मणी. पण चढवताच माणूस बदलला, हे तिने नंतर दोनदा सांगितले.

त्या संध्याकाळी मोती तलावाच्या काठावर बसून आप्पांनी मुंबईस फोन लावला. नाव सांगितले, गाव सांगितले, वहीतील रक्कम सांगितली. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग कारागिराचा मुलगा, तोही आता साठीकडे झुकलेला, सावकाश बोलू लागला. निपाणीचे दुकान त्याला आठवत होते. 1983 मध्ये परत आलेली ती गोणी त्यानेच एस.टी. थांब्यावरून घरी आणली होती. त्या दिवाळीत इतर गावांहूनही माल परत आला. वडिलांनी पुढच्या वर्षी लेथ विकली आणि त्याला मुंबईस मामाकडे धाडले. तो कापडगिरणीत लागला, गिरणी बंद झाली, पुढे सुरक्षारक्षक झाला. हे सर्व त्याने कोणताही राग न धरता सांगितले, आणि म्हणूनच आप्पांना ते ऐकवेना.

पैसे कोठे पाठवू, असे त्यांनी विचारले. साडेचौऱ्याऐंशीचे आजपर्यंतचे व्याजही त्यांनी चक्रवाढीने काढून ठेवले होते. तो हसला. पैसे नकोत म्हणाला. चतुर्थीला घर उघडते, तेव्हा या. माळ्यावर वडिलांच्या हातचे अजून दोन घोडे आहेत, नातीला दाखवा.

आप्पांनी फोन ठेवला. पूर्वीच्या बाजारात देणेकऱ्याने दाराशी येणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. पण धनकोच पैसे नको म्हणतो तेव्हा देणेकऱ्याने काय करावे, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. वाडवडिलांनी दिलेले सुटे सूत्र एवढेच की, ज्याच्या कष्टावर आपले गल्ले भरले त्याची बाकी थकवू नये. व्यापार बदलणे हा दोष नव्हता. बाजार फिरला, दुकानाने तोंड वळविले. न वळविते तर तेही बंद पडते. दोष त्या एका ओळीत होता, जिच्यात एका माणसाचे देणे कसर म्हणून पुसले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा चितारआळीत पुन्हा गेले. ज्या कारखान्यात नातीने लेथ पाहिली होती तेथे त्यांनी भातुकलीचे वीस संच, पंचवीस भोवरे आणि सहा पांगुळगाडे सांगितले. दर कमी करण्याविषयी ते काही बोलले नाहीत. मुलाला काळजी होती: माल पडून राहिला तर? आप्पांनी त्याची शंका टाळली नाही. पडूनही राहील, ते म्हणाले. बारशाला आणि पहिल्या वाढदिवसाला देण्यासाठी लोक आता हजार-दीड हजार सहज खर्च करतात. त्यांना हे समोर दिसले तर काही नेतील, दिसलेच नाही तर कोणीच नेणार नाही. माल परत पाठवावयाचा नाही, या एकाच अटीवर त्यांनी सर्व रक्कम आगाऊ मोजली. अट त्यांनी स्वतःलाच घातलेली होती. कारागीर पावती करण्यास उठला तेव्हा त्यांनी त्याचे पूर्ण नाव विचारून घेतले. जुन्या वहीत फक्त ‘चितारी’ असे लिहिले होते.

सावंतवाडीस जाऊ इच्छिणाऱ्यांस हिवाळा सोयीचा. कोल्हापूर-निपाणीकडून आंबोली घाटाने, मुंबई किंवा गोव्याकडून महामार्गाने वा कोकण रेल्वेने येता येते. सावंतवाडी रोड हे स्थानक गावापासून काही अंतरावर आहे. चितारआळी, राजवाडा आणि तलाव पायी पाहून होतात, पिंगुळीसाठी निराळा अर्धा दिवस ठेवावा. जत्रांचा हंगाम असेल तर दशावतार चुकवू नये. खेळणी घेताना ती कोणत्या लाकडाची आणि कोणत्या रंगाची हे विचारावे, आणि घरी गेल्यावर ती काचेच्या कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्यावीत.

निपाणीच्या त्या दुकानात आता दर्शनी बाजूचा एक खण लाकडी खेळण्यांचा आहे. पहिल्या दोन महिन्यांत सात संच गेले. पांगुळगाडे अजून सहाच्या सहा आहेत. हिशेब आता संगणकावर असतो. मुलाने त्यात कारागिराच्या मुलाचे खाते उघडले असून साडेचौऱ्याऐंशी रुपये देणे बाजूस पुन्हा दाखविले आहेत. चतुर्थीला सावंतवाडीस जावयाचे ठरले आहे. त्या घराच्या माळ्यावरील घोड्यांचा रंग कोणता असेल, याविषयी नात आणि आजोबा यांच्यात पैज लागली होती. पैज म्हणजेही द्यूतच, हे लक्षात येताच दोघांनी ती मागे घेतली.